घाट उतरवणारी पिकअप: कोकणात ट्रॅव्हल ट्रेलर ओढण्यासाठी गाडी कशी निवडावी, कशी तयार करावी

पिकअप घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये पहिल्यांदा ताकदच विचारतो. किती पीएस, किती एनएम, घाट चढेल ना? चढेल. आजची कुठलीही धडधाकट डिझेल पिकअप हजार-बाराशे किलोचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे मागे ओढायची चाकांवरची खोली, घेऊन आंबा घाट चढते. फार तर दुसऱ्या गियरमध्ये कण्हत चढेल आणि मागे गाड्यांची रांग लागेल. चढावर ताकद कमी पडली तर वेळ जातो, उतारावर ब्रेक कमी पडले तर गाडी हातातून जाते. म्हणून गाडी, हिच (ट्रेलर जोडायचा सांधा), टायर, सामान यातलं काहीही ठरवताना आधी घाट उतरून बघायचा, मनातल्या मनात का होईना.

थोडा हिशेब करू. माणसं आणि सामान धरून पिकअप अडीच टन, मागे ट्रेलर १२०० किलो, एकूण ३७०० किलो. घाटमाथ्यावरून पायथ्यापर्यंत सहाशे मीटर उतरलात तर जवळपास २२ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत सत्तरेक लिटर पाणी उकळेल. यातला काही वाटा इंजिन घेतं, थोडा हवा घेते, उरलेला सगळा ब्रेकच्या डिस्क आणि ड्रममध्ये जातो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर तो पूर्ण भार पिकअपच्या चार चाकांवर, आणि त्यातही पुढच्या दोनांवर जास्त.

आधी ट्रेलर, मग गाडी

बहुतेक जण हे उलट करतात. आधी हौसेने पिकअप येते, मग तिच्या मागे काय लावता येईल याचा शोध सुरू होतो. ट्रेलरचं भरलेलं वजन कळल्याशिवाय गाडी ठरवता येत नाही, आणि आपल्याकडे ट्रेलर बऱ्याचदा ऑर्डर देऊन बांधून घ्यावा लागतो, म्हणजे आकार आणि वजन निम्मंअधिक तुमच्याच हातात असतं.

बांधणारा सांगतो ते वजन रिकाम्या ट्रेलरचं. समजा तो ८५० किलो म्हणाला. त्यात साठ लिटर पाण्याची टाकी भरली की साठ किलो वाढले. इन्व्हर्टरची मोठी १५० एएचची बॅटरी पन्नास किलोच्या आसपास जाते. घरगुती गॅस सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असला तरी टाकीसकट तो तीस किलोच्या घरात भरतो (ट्रेलरला पाच किलोवाला छोटा पुरतो). मग एसी, गाद्या, भांडी, खुर्च्या, ताडपत्री, बाहेर टाकायचं मॅट. काही विशेष घेतलंय असं वाटतही नाही आणि काटा ११०० दाखवतो.

शिवाय कोकणातून परतताना कोणी रिकामा येत नाही. आंब्याच्या पेट्या, उकड्या तांदळाचं पोतं, नारळ, काजू, आईने भरून दिलेल्या बरण्या. हे सगळं साहजिकच ट्रेलरच्या मागच्या दारातून आत जातं आणि दाराजवळच राहतं. त्याचा परिणाम वजनाहून वाईट असतो, तो पुढे सांगतो. तूर्त एवढं करा की बांधणाऱ्याने सांगितलेल्या वजनात साडेतीनशे किलो मिळवा आणि तो आकडा खरा धरून चाला.

मापाचं म्हणाल तर रुंदी दोन मीटरच्या आत आणि खोलीची लांबी चार मीटरच्या आसपास ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. महामार्गावर मोठा ट्रेलर छान वाटतो. पण महामार्ग सोडून वाडीकडे वळलात की दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्ये एका गाडीची वाट, वरून फणसाची फांदी आणि घराघराला गेलेल्या विजेच्या वायरी. गडग्याला रंग घासला तर तो रंग कायम तिथेच राहतो, गाव दाखवायला मोकळं.

काट्यावर जा

काटा म्हणजे इथे अख्खी गाडी तोलणारा वजनकाटा. चिरे आणि खडी वाहणाऱ्या गाड्यांसाठी महामार्गालगत काटे असतात. पावती थोड्या पैशांत मिळते आणि तिच्याइतकी खरी माहिती दुसरीकडे कुठे मिळत नाही.

आधी एकटी पिकअप पूर्ण तयारीनिशी वजन करा. डिझेल भरलेलं, घरची मंडळी आत बसलेली, हौद्यात सामान. मग ट्रेलर जोडून फक्त पिकअपची चारही चाकं काट्यावर आणा. दोन पावत्यांतला फरक म्हणजे ट्रेलरचं नाक (पुढचं टोक) पिकअपच्या बॉलवर, म्हणजे हिचच्या गोळ्यावर, जेवढं टेकतंय तेवढं वजन. शेवटी पिकअप पुढे काढून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर घ्या. तो आकडा आणि आधीचा फरक यांची बेरीज म्हणजे भरलेल्या ट्रेलरचं एकूण वजन.

मोठ्या काट्याची पावती साधारण दहा-दहा किलोंच्या पायरीने जाते, त्यामुळे नाकाचं वजन ढोबळच कळतं. ते घरी नीट मोजता येतं. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करा, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे लावा, कपलरखाली (नाकाच्या टोकाची, बॉलवर बसणारी खोबण) बाथरूमचा वजनकाटा ठेवून त्यावर लाकडाचा ओंडका असा उभा करा की कपलर बॉलच्या उंचीवरच राहील. जॅक हळूहळू सैल केला की काटा बोलतो. १५० किलोपर्यंतच्या साध्या काट्यावर हे काम होतं.

हे वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवं. १२०० किलोला १२० किलो. त्याहून बरंच कमी झालं की वेगात ट्रेलर शेपूट हलवू लागतो, फार जास्त झालं की पिकअपचं ढुंगण बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात.

आता त्या आंब्याच्या पेट्या. ट्रेलरचा अ‍ॅक्सल (चाकांचा आस) बॉलपासून साडेतीन मीटरवर आहे आणि तुम्ही शंभर किलो सामान अ‍ॅक्सलच्या मागे दोन मीटरवर ठेवलंत, असं समजा. तरफेच्या नियमाने नाकावरचं वजन ५७ किलोंनी कमी होतं. १२० चे ६३ उरतात, आणि एकूण वजन तर १३०० झालेलं असतं. म्हणजे पाच टक्केही नाहीत. जाताना सरळ आलेला ट्रेलर येताना का डुलतोय याचं उत्तर बऱ्याचदा मागच्या दाराशी असतं. पेट्या उचलून अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, खाली जमिनीलगत ठेवा आणि पट्ट्याने बांधा. काही पिकअपच्या हौद्यात टाकल्या तरी चालेल, पण त्याआधी पुढचा भाग वाचा.

कोणती पिकअप

खासगी पांढऱ्या नंबर प्लेटवर नवी दुहेरी केबिनची पिकअप घ्यायची तर इथे मुख्यतः दोनच नावं पुढे येतात, इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स. व्ही-क्रॉसचं १.९ लिटरचं डिझेल इंजिन १६३ पीएस आणि ३६० एनएम देतं. हायलक्स २०२२ मध्ये आपल्याकडे आली. तिचं २.८ लिटरचं इंजिन २०४ पीएसचं, मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० एनएम. दोन्ही शिडीसारख्या चॅसिवर (लोखंडी सांगाड्यावर) बांधलेल्या, दोन्ही सव्वापाच मीटरहून लांब. त्यामागे ट्रेलर लावला की अख्खी वरात एसटीएवढी होते.

बोलेरो कॅम्पर आणि टाटा योद्धा या कामाच्या गाड्या आहेत. योद्धाचं २.२ लिटरचं इंजिन १०० पीएस आणि २५० एनएमचं, कॅम्परचं त्याहूनही कमी. ७००-८०० किलोच्या छोट्या ट्रेलरला त्या पुरतात आणि बोलेरोचा सुटा भाग तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजात मिळतो, हा कोकणात लहान मुद्दा नाही. मात्र मालवाहू म्हणून नोंद झाली की पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस आलाच. घरच्या वापरासाठी हा व्याप मला नकोसा वाटतो. वाडीत आधीच कॅम्पर उभी असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या बाजारात टाटा झेनॉन आणि स्कॉर्पिओ गेटअवे दिसतात. त्या घेताना मागच्या बाजूने खाली झोपून चॅसि बघा, रंग नंतर. किनाऱ्यावर वापरलेली गाडी वरून चकचकीत आणि खालून पापुद्रे सुटलेली असू शकते.

इथे एक गफलत फार होते. ऑस्ट्रेलियातल्या जाहिरातीत हायलक्स आणि डी-मॅक्स (व्ही-क्रॉसचीच बहीण) साडेतीन टन ओढतात, हे खरं आहे. पण तिथेच, त्याच गाडीच्या माहितीपत्रकात, ब्रेक नसलेल्या ट्रेलरची मर्यादा ७५० किलो लिहिलेली असते. गाडी तीच, इंजिन तेच. मधला पावणेतीन टनांचा फरक ट्रेलरच्या ब्रेकचा आहे. शिवाय तो आकडा तिथल्या मॉडेलचा, तिथल्या स्प्रिंगचा आणि तिथल्या मान्यतेचा. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा आणि विक्रेत्याकडून लेखी घ्या. तोंडी ‘आरामात ओढते साहेब’ याला वॉरंटीच्या वेळी किंमत नसते.

ओढण्याच्या क्षमतेइतकंच बघायचं ते गाडीने अंगावर किती घ्यायचं. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरल्या गाडीचं कमाल वजन लिहिलेलं असतं. दोहोंची वजाबाकी म्हणजे माणसं, सामान, कॅनोपी (हौद्यावरचं छप्पर), विंच (अडकलेली गाडी ओढायचा रहाट), जाड बंपर आणि ट्रेलरचं नाक या सगळ्यांना मिळून मिळणारी जागा. खासगी नोंदणीच्या पिकअपमध्ये ही जागा दिसण्यापेक्षा कमी असते. आणि नाकाचे १२० किलो मागच्या अ‍ॅक्सलवर १२० म्हणून पडत नाहीत. बॉल अ‍ॅक्सलच्या सव्वा मीटर मागे आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ३.१ मीटर धरलं तर मागे सुमारे १७० किलो पडतात आणि पुढचे ५० उचलले जातात. ते पुढचे पन्नास किलो तुमच्या स्टिअरिंगचे आणि ब्रेकचे असतात. हौदा नारळांनी भरण्याआधी हे आठवा.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक? उतारासाठी मी मॅन्युअलच्या बाजूने झुकतो, गियर हातात राहतो म्हणून. पण ट्रेलरसकट चढावर उलटं जायचं असेल तर मॅन्युअलमध्ये क्लच प्लेट जळते, आणि कोकणात अंगणं नेहमी रस्त्याच्या वर नाहीतर खाली असतात. त्यामुळे लो रेंज (वेग अगदी कमी करून जोर वाढवणारे जादा गियर) असलेली फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी, घ्या. वाळूत मिरवायला नव्हे, चढावर इंचाइंचाने मागे घ्यायला. फक्त कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर लो रेंज टाकून स्टिअरिंग पूर्ण वळवू नका. पुढची आणि मागची चाकं एकत्र बांधलेली असतात, वळणावर गिअरबॉक्सला पीळ बसतो.

ब्रेक, ज्यासाठी हा लेख

५०० किलोच्या वरच्या कुठल्याही ट्रेलरला कोकणासाठी स्वतःचे ब्रेक हवेत. प्रकार मुख्यतः दोन.

ओव्हररन ब्रेक स्वस्त आणि सुटसुटीत. पिकअपने वेग कमी केला की ट्रेलर पुढे रेटतो, कपलरचा दांडा आत सरकतो आणि त्याच ढकलण्याने ट्रेलरचे ब्रेक लागतात. वायर नको, कंट्रोलर नको. अडचण लांब उतारावर येते. तुम्ही शहाणपणाने इंजिन ब्रेकिंगवर उतरत असता तेव्हाही ट्रेलर रेटतच असतो, त्यामुळे त्याचे ब्रेक सतत थोडे-थोडे घासत राहतात आणि तापतात. अशा ट्रेलरला घाटात मध्ये थांबून ड्रमजवळ हात न्यावा. लावायचा नाही, जवळ न्यायचा. धग लागली किंवा लायनर जळल्याचा वास आला तर वीस मिनिटं चहा. मागे घेताना दांडा दबून ब्रेक लागू नयेत म्हणून ऑटो-रिव्हर्सची सोय आहे का, तेही खरेदीच्या वेळी विचारा.

इलेक्ट्रिक ब्रेकमध्ये पिकअपच्या डॅशखाली कंट्रोलर बसतो आणि ब्रेक पेडल दाबल्यावर तो ट्रेलरच्या ड्रममधल्या चुंबकांना त्या प्रमाणात वीज देतो. जोर कमी-जास्त करता येतो आणि नुसत्या ट्रेलरला ब्रेक लावायची वेगळी कळही असते. डुलणाऱ्या ट्रेलरला सरळ करायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पैसे परवडत असतील आणि बसवणारा जाणता असेल तर घाट उतरणाऱ्याने हेच घ्यावं.

दोन्ही प्रकारांत ब्रेकअवे हवाच. ट्रेलर सुटला तर त्याची केबल ताणून ब्रेक आपोआप लागतात. केबल हिचच्या बॉलला अडकवू नका, चॅसिला पक्क्या असलेल्या कडीत अडकवा. बॉलच निघाला तर केबलही त्याच्याबरोबर जाईल.

पिकअपचं ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं. हे तेल हवेतला ओलावा शोषतं आणि आपल्याकडे हवेत ओलाव्याला तोटा नाही. कोरडं डॉट ४ तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरलेल्या तेलाची तीच किमान मर्यादा १५५ वर येते. उकळलं की नळीत वाफेचे फुगे होतात आणि पेडल सरळ खाली जातं, तेही नेमकं घाटाच्या शेवटच्या वळणांत, कारण तोवर सगळं तापलेलं असतं.

हिच आणि पाटे

बंपरला वेल्डिंग करून लावलेला हुक बंद गाडी दोरीने ओढायला ठीक आहे. ट्रेलरसाठी चॅसिच्या दोन्ही लांब बीमना बोल्टने धरलेला रिसीव्हर (हिचचा चौकोनी पाइप) हवा, त्यावर क्षमता कोरलेली हवी. चॅसिला नवी भोकं पाडून किंवा वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. कंपनीने दिलेल्या भोकांतच बसणारा साचा मिळतो.

बॉलचं माप तपासा. एक माप ५० मिलिमीटरचं, दुसरं दोन इंची म्हणजे ५०.८ चं. डोळ्याला दोन्ही सारखेच. दोन इंची कपलर ५० च्या बॉलवर बसतो, कुलूपही लागतं, पण आत खेळ राहतो आणि खड्ड्यागणिक ठोके बसतात. माप बॉलवर आणि कपलरवर लिहिलेलं असतं, दोन्ही वाचा. सेफ्टी चेन दोन घ्या आणि नाकाखाली एकमेकींना ओलांडून लावा, म्हणजे कपलर सुटलाच तर नाक रस्त्यावर आपटण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतं.

जोडताना एक खूण पक्की करा. कपलर बॉलवर बसला, खटका लागला, पिन घातली की ट्रेलरचा जॅक पुन्हा वर फिरवा. पिकअपचा मागचा भाग इंचभर उचलला गेला तर कपलर खरोखर धरून आहे. नुसताच कपलर वर आला तर तो बॉलवर फक्त टेकला होता. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

ट्रेलर जोडण्याआधी आणि जोडल्यावर चारही चाकांच्या कमानींची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. मागे चार-पाच सेंटीमीटर बसलं तर चालेल. पुढचं दोन सेंटीमीटरहून जास्त उचललं जात असेल तर सामानाची जागा बदला. त्यानेही भागलं नाही तर मागच्या पाट्यांना हेल्पर (जादा पाटा) किंवा एअर बॅग (पाट्याला आधार देणारी हवेची पिशवी) लावा. नुसता पाटा वाढवला की रिकामी गाडी खड्ड्यात उड्या मारते, म्हणून हवा कमी-जास्त करता येणारी बॅग मला बरी वाटते. पाट्यांनी गाडी उचलली जाते, आरसीवरची मर्यादा वाढत नाही, हेही गॅरेजवाला सांगणार नाही.

टायर घेताना भार निर्देशांक (टायर किती वजन झेलतो ते सांगणारा आकडा) बघा, खडबडीत नक्षी नंतर. ट्रेलरचे टायर बहुतेक वेळा झिजण्याआधीच म्हातारे होतात, कारण तो वर्षातले बरेच महिने उभा असतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षं झाली की नक्षी शाबूत असली तरी बदला. ट्रेलरचं स्टेपनी वेगळं लागतं, ते पिकअपच्या स्टेपनीने भागत नाही.

वायरिंग: सगळ्यात जास्त त्रास देणारी सगळ्यात स्वस्त गोष्ट

युरोपीय पद्धतीच्या सात पिनांच्या प्लगची रचना ठरलेली आहे. पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेक लाइट, तपकिरी उजवा आणि काळी डावा टेललाइट, निळी फॉगला, आणि पांढरी अर्थ. बीएस-६ गाडीच्या मागच्या दिव्याच्या वायरी सोलून त्यात जोड मारू नका. गाडीचा संगणक दिव्यातला प्रवाह मोजत असतो, डॅशवर तक्रारी सुरू होतात. वेगळं रिले मॉड्यूल घ्या. ते गाडीच्या दिव्यांकडून फक्त इशारा घेतं आणि वीज फ्यूजमार्गे थेट बॅटरीकडून.

डावा इंडिकेटर दिला की ट्रेलरचे सगळेच दिवे मंद लुकलुकतात, ब्रेक दाबला की टेललाइट विझतो, असा भुताटकीचा प्रकार झाला तर बल्ब बदलत बसू नका. पांढरी वायर बघा. खाऱ्या हवेत अर्थचा बोल्ट गंजतो आणि विजेला परतीची वाट मिळेना झाली की ती दुसऱ्या दिव्यांतून घुसते. बोल्ट काढा, खालचा पत्रा सँडपेपरने चमकेपर्यंत घासा, पुन्हा आवळा, वर ग्रीसचा थर द्या. प्लगच्या पिनांना इलेक्ट्रिकल ग्रीस लावून रबरी टोपी घाला. कोकणात हा दुरुस्तीचा नव्हे, दर मोसमाचा कार्यक्रम आहे.

आरसे बाहेर येणारे लावा. ट्रेलरची मागची दोन्ही टोकं दिसली नाहीत तर गडग्यांमधून चालवणं म्हणजे अंदाजपंचे.

कागद

मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची स्वतःची नोंदणी, स्वतःचा नंबर आणि विमा लागतो. बांधणाऱ्याकडे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं, उदाहरणार्थ पुण्याच्या एआरएआयचं, प्रमाणपत्र आहे का ते आगाऊ देण्याआधी बघा. नाहीतर हा सुंदर ट्रेलर नोंद न होता अंगणातली खोली म्हणून उरेल. पिकअपमध्ये आरसीतल्या तपशिलांशी विसंगत बदल कलम ५२ मुळे करता येत नाहीत, तेव्हा हिच आणि कॅनोपीबद्दल आपल्या आरटीओत, पेण, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग, आणि विमा कंपनीकडे आधीच विचारून घ्या. विमा कंपनीचं उत्तर ई-मेलवर मागा. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ पासून आहे. ते व्यवसाय करणाऱ्यांना जास्त उपयोगाचं, पण ट्रेलर भाड्याने द्यायचा विचार असेल तर वाचून ठेवा.

रस्त्यावर

पहिला सराव सड्यावर. सपाट, मोकळा, जांभ्याचा सडा रिव्हर्स शिकायला देवाने दिलाय. स्टिअरिंग खालच्या बाजूने धरा, मग हात डावीकडे नेला की ट्रेलरचं मागचं टोक डावीकडे जातं. दोन कुंड्यांच्या मध्ये सलग काही वेळा नीट घालता आला की मग वाडीत शिरा.

घाटमाथ्यावरून खाली यायला मी आंबा किंवा आंबोली सुचवीन. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, उतरण लांब आहे, पण या रस्त्यांना मोठ्या गाड्यांची सवय आहे. कुंभार्लीही चालेल. वरंधा आणि आंबेनळी ट्रेलर घेऊन नको, समोरून एसटी आली तर मागे घ्यायला जागा शोधावी लागते. मुंबईहून महामार्गाने येणाऱ्यांची कशेडीच्या बोगद्याने सोय झाली आहे.

उतार सुरू होण्याआधी, माथ्यावरच, गियर खाली घ्या. ज्या गियरने हा घाट चढला असतात त्याच्या एक खाली. मध्येच वेग वाढल्यावर खालचा गियर शोधायचा नसतो. पेडलवर पाय टेकवून ठेवू नका. वेग वाढला की ठाम दाबा, दहा-पंधरा किलोमीटरने खाली आणा, पूर्ण सोडा, डिस्कला वारा घेऊ द्या. चढून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं हा नियमच आहे. मागे रांग लागली तर रुंद जागा बघून बाजूला घ्या आणि जाऊ द्या. सरळ रस्त्यावरही साठच्या पुढे जाऊ नये. ट्रेलर डुलू लागला तर जोरात ब्रेक नको, स्टिअरिंगने झुंजही नको. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर नुसत्या ट्रेलरची कळ दाबा. थांबल्यावर आधी सामान बघा.

गावात शिरण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘वस्तीची एसटी कुठे वळते?’ जिथवर एसटी जाते तिथवर तुम्ही जाल, आणि ती वळते तिथे तुम्हालाही वळता येईल. त्याच्या पुढे पायी जाऊन रस्ता बघून यायचा, मग ट्रेलर.

सागरी मार्गाने जाणार असाल तर खाड्या आडव्या येतात. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे फेरीबोटीवर गाडी चढवता येते. जेट्टीवर पोचल्यावर रांगेत घुसण्याआधी बोटीच्या माणसांना जोडगाडीची पूर्ण लांबी सांगा आणि उतरताना रिव्हर्स घ्यावं लागेल का ते विचारा. पुरी ओहोटी असेल तर उतरणीचा कोन तीव्र होतो. बोटीची फळी आणि धक्का यांच्या सांध्यावर पिकअप वर आणि ट्रेलर खाली असताना ट्रेलरची शेपटी किंवा जॅकचं चाक घासतं. जॅक पूर्ण वर करून चाक काढून ठेवा, एक माणूस मागे उभा करा, आणि भरतीकडे झुकलेली वेळ साधा. धक्क्याच्या खालच्या भागावर शेवाळ असतं. तिथे फोर बाय फोर टाकून, सरळ रेषेत, न थांबता.

पुळणीवर ट्रेलर नेऊ नका. ओहोटीला घट्ट वाटणारी ओली वाळू उभ्या चाकाखाली सुटते, मग भरती येते आणि ट्रॅक्टरवाल्याला फोन करावा लागतो. बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी नेण्यास मनाईही आहे. मुक्कामाला देवळाचं किंवा शाळेचं आवार विचारून घ्या. फक्त माडाखाली लावू नका, नारळ आणि झावळी दोन्ही छप्पर बघून पडत नाहीत.

गणपतीत आणि शिमग्यात ट्रेलर घरी ठेवावा. पावसाळ्यात घाटात दरडी येतात, तेव्हा तर नकोच.

मीठ

किनाऱ्यावरून आल्यावर गाडी आणि ट्रेलर खालून गोड्या पाण्याने धुवा. चॅसिचे आतले कोपरे, हिचचा चौकोनी पाइप, स्प्रिंगचे शॅकल, ब्रेकच्या नळ्या. बॉलला ग्रीस लावून टोपी घाला. नुकताच आलेला ट्रेलर धुताना किंवा ओढा ओलांडताना लक्षात ठेवा, तापलेला हब (चाकाचा मधला, बेअरिंगचा भाग) थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. असं झालं असेल तर बेअरिंग उघडून जुनं ग्रीस पुसून नवं भरा. ग्रीस दुधासारखं पांढुरकं झालं असेल तर पाणी गेलेलंच आहे.

जूनच्या आधी ट्रेलर पत्र्याच्या छपराखाली घ्या, चाकांखाली फळ्या घाला, हँडब्रेक सोडून ठेवा म्हणजे लायनर ड्रमला चिकटणार नाहीत, आणि चाकांना ठोकळे लावा. बॅटरी काढून घरात आणून चार्ज करत राहा. खिडक्या फटीएवढ्या उघड्या हव्यात, नाहीतर नवरात्रात दार उघडाल तेव्हा गाद्यांवर बुरशी असेल. आणि वायरिंगच्या तोंडांना कापूस नको, उंदरांना तो फार आवडतो. तिथे बारीक जाळी ठोका.